गुरगुट्या भात

वीज गेली ती दुपारी, ऐन जेवणाच्या वेळेला, आणि घर एकदम गप्प झालं. पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली, मागच्या खोलीतला एसी बंद पडला. हिमायतनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर एवढी शांतता कौस्तुभने कधी अनुभवली नव्हती. एरवी ती त्याला आवडली असती. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या माणसाची हैदराबादच्या रस्त्यांविषयी जी कायमची तक्रार असते, ती हॉर्नची तक्रार तोही नेमाने करत असे. पण आज त्या शांततेत काहीतरी उरलं होतं. एक बारीक, सरळ शिट्टी. कुणीतरी कुठलंतरी यंत्र चालू ठेवून गेलं असावं तशी. कुकरची म्हणावी तर ती चढत नव्हती, उतरत नव्हती. त्याने संगणकाचा यूपीएस बंद केला. पाण्याच्या फिल्टरचा प्लग काढला. लेकीच्या, ऋचाच्या टेबलावरचं घड्याळ उचलून कानाला लावलं, मग तिचं शाळेचं जुनं दप्तर हलवून पाहिलं, कारण त्यात मागे एकदा एक वाजणारं खेळणं सापडलं होतं. शेवटी तो बैठकीत आला. त्याची बायको केतकी त्या दिवशी घरूनच काम करत होती आणि वीज नसल्यामुळे नुसतीच बसली होती. "केतकी, कसला आवाज येतोय गं?" "कुठे?" "हा काय. बारीक." केतकीने मान तिरपी करून मनापासून ऐकलं. "कौस्तुभ, वीज गेलीय. आवाज कसला येणार?" मग त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. बाहेरच्या जगाचा आवाज असता तर तो कमी झाला असता. हा कमी झाला नाही, उलट जवळ आला. थोड्या वेळाने वीज आली, पंखा फिरू लागला, केतकी उठून पानं घ्यायला गेली, आणि कौस्तुभ कानातून बोटं काढायची विसरून तसाच उभा राहिला.

नारायणगुड्याचे कानाचे डॉक्टर जुने, हैदराबादीच. त्यांनी काचेच्या खोपटात बसवून कान तपासले, कागदावरची खाली उतरत गेलेली रेघ दाखवली, आणि एखाद्या लग्नाचं आमंत्रण द्यावं इतक्या प्रसन्नपणे सांगितलं, "ये अंदर का बाजा है साहब. गोली से जाता नहीं. नमक कम करो, चाय-कॉफी छोड़ो, अचार बंद. और एकदम खामोशी में बैठना नक्को." कागद घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "घर में किसी को था ये? माँ को, बाप को?" "नहीं," कौस्तुभ म्हणाला. "किसी को नहीं." विचार करायला त्याला एक क्षणही लागला नाही. घरी आल्यावर त्याने केतकीला सगळं सांगितलं. मीठ, चहा, लोणचं. आपल्या लोकांत दुखणं कुठलंही असो, ते आधी स्वयंपाकघरात जातं आणि मग औषधाच्या दुकानात. तसंच हेही गेलं. खामोशीचंही त्याने सांगितलं होतं, पण त्यात शिजवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे ती गोष्ट दोघांच्याही लक्षातून गेली.

केतकीने मनावर घेतलं. ती मनावर घेते तेव्हा घराची धडगत नसते. भोपळ्याच्या बिया आल्या, अननस आला, अळशी आली, अक्रोड भिजू लागले. वरणातलं मीठ गेलं, मग भाजीतलं गेलं, आणि पोळीतलं गेलं तेव्हा ऋचाने जाहीर केलं की ती यापुढे मॅगीवर जगेल. "बाबाला प्रॉब्लेम आहे, मला का पनिशमेंट?" ती म्हणाली. वय तेरा, आणि कान दिवसभर इअरफोननं बुजलेले. तिच्याकडे बघून कौस्तुभला वाटायचं की हिचे कान आपण मागून घ्यावेत. त्याने अळणी खाल्लं, मुकाट्याने खाल्लं. चहा सोडला तेव्हा आठवडाभर डोकं दुखलं, इराण्याच्या हॉटेलसमोरून जाताना तो रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागला. शिट्टी होती तिथंच होती. सकाळी जाग यायच्या आधी ती जागी असायची. बोलताना समोरच्याचे शब्द तिच्या मागून यायचे. ऑफिसच्या कॉलवर एखादा माणूस पाच वाक्यं बोलून थांबला की कौस्तुभला कळायचं, आपण त्या पाच वाक्यांत त्याच्याबरोबर नव्हतोच, आपण आत तिच्यापाशी बसलो होतो. आणि सगळ्यात वाईट होतं ते हे की ती कुणाला दाखवता येत नव्हती. ताप असता तर केतकीने कपाळाला हात लावला असता. पाय मोडला असता तर ऋचाने प्लास्टरवर चित्र काढलं असतं. हे दुखणं असं की त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे जवळच्या माणसालाही काही करता येत नाही, आणि विश्वास रोज रोज ठेवायचा म्हणजे त्याचाही कंटाळा येतो. केतकीला तो येऊ लागला होता. तिने तसं दाखवलं नाही, पण तो सकाळी सांगायचा, "आज जास्त आहे गं," आणि ती डबा भरता भरता "हो का," म्हणायची. कौस्तुभला त्या "हो का"ची भीती वाटू लागली. आपण मरेपर्यंत हा आवाज राहील ही भीती होतीच. पण तो मरेपर्यंत आपल्या एकट्याच्याच कानात राहील, दुसऱ्या एकाही माणसाला तो कधी ऐकू येणार नाही, ही भीती तिच्याहून मोठी होती.

मग त्याला चेगोड्यांचा शोध लागला. चिक्कडपल्लीच्या बाजारात तो कोथिंबीर आणायला गेला होता आणि फरसाणाच्या दुकानदाराने चवीला म्हणून हातावर एक चेगोडी ठेवली. चेगोडी म्हणजे तांदळाच्या पिठाचं तळलेलं कडं, बांगडीएवढंही नसतं, पण दाताखाली असं फुटतं की मस्तकापर्यंत आवाज जातो. ती फुटली आणि शिट्टी गेली. खरोखर गेली. चघळून होईपर्यंत डोक्यात नुसता कुरकुर, कुरकुर असा धडधाकट, प्रामाणिक आवाज होता. तो तिथंच गर्दीत उभा राहून डोळे मिटून चावत राहिला. त्या दिवसापासून त्याच्या टेबलाच्या खणात चेगोड्या आल्या, खारे शेंगदाणे आले, तिळाची, चकलीसारखी कडक सकिनालू आली, भाजलेले पोह्याचे पापड आले. कॉलवर आवाज बंद करून तो चावायचा. गाडीत चावायचा. अंघोळीआधी, अंघोळीनंतर. चावणं थांबलं की शिट्टी परत यायची, आणि ती गेली होती त्याहून ताजीतवानी होऊन यायची, कारण त्या सगळ्या पदार्थांत मीठ होतं आणि डॉक्टरांनी तेच तर टाळायला सांगितलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पोट सुटलं, जिभेची सालटं निघाली. एक दिवस केतकीने खण उघडला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पलंगावर बसली आणि त्या पुड्यांकडे बघत म्हणाली, "मी दोन महिने अळणी खातेय रे तुझ्याबरोबर."

खालच्या मजल्यावर कुसुमताई राहतात. माहेर नांदेडकडचं, सासर निजामाच्या वेळेपासून इथलं, घरात मुलगे, सुना, नातवंडं, एक पोपट. त्यांचं मराठी ऐकून ऋचाला हसू येतं आणि ऋचाचं ऐकून त्यांना. जिन्यात गाठ पडली तेव्हा त्यांनी कौस्तुभला थांबवलं. "कानात वाजायलंय म्हणं तुझ्या? केतकी सांगू लागली. अन् मीठ सोडलंस? मला वाटलं सोळा सोमवार धरले का काय बाप्यामाणसानं." "डॉक्टरांनी सांगितलंय, काकू." "डॉक्टरला काय की कळतंय. आंबट खाऊ नको. खट्टी दाळ नको, चिंच नको, चार दिवस मऊ भात खा बा, तूप घालून. वायू असंल." मग कौस्तुभच्या आईच्या आठवणीने त्यांचा स्वर उतरला. "मंगलावैनी असत्या तर केलं असतं तुझं सगळं. किती सोसिक बाई. रोज संध्याकाळी यायच्या की माझ्याकडं. आमच्या घरात ही दणादण. ह्यांची टीव्ही, लेकरांचा दंगा, सुनेचं मिक्सर, तो मेला पोपट. मला लाज वाटायची. म्हणलं, वैनी, डोस्कं दुखत असंल तुमचं, बंद करू का? तर म्हणायच्या, नको हो, राहू द्या, मला बरं वाटतंय इथं. तेलुगू शिरेली बघत बसायच्या. एक अक्षर कळत नव्हतं, अन् वरून म्हणायच्या, आवाज थोडा वाढवा." दोघंही हसले. आईच्या त्या तेलुगू मालिका घरात चेष्टेचा विषय होत्या. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि अशी एखादी हसण्याजोगी आठवण कुणी दिली की कौस्तुभला बरं वाटायचं. वर येता येता त्याच्या मनात मऊ भात तेवढा राहिला.

तो भात त्याने केला तो शनिवारी, आणि तोही कुकरची रबरी रिंग तुटली म्हणून. केतकी आणि ऋचा बाहेर गेल्या होत्या. त्याने आईचं जाड बुडाचं पातेलं काढलं, तांदूळ धुतले, ते बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी घातलं आणि गॅस बारीक करून उभा राहिला. उतू जाईल म्हणून उभा राहिला, दुसरं कारण नव्हतं. पाणी आधी नुसतं थरथरलं, मग कडेने बुडबुडे आले, मग तांदूळ उमलायला लागले तसा पेजेचा तो जाड, भरदार, सावकाश आवाज सुरू झाला. गुरगुर. गुर. गुरगुर. या भाताला आई गुरगुट्या भात म्हणायची. लहानपणी तो आजारी पडला की हाच भात, वर मेतकूट, तुपाची धार, आणि मीठ नावाला. पुण्याच्या त्या दोन खोल्यांत दिवेलागणीला आई गॅसपाशी अशीच उभी असायची. बाबा म्हणायचे, "अगं, कुकर कशाला घेतला मग?" आणि ती म्हणायची, "कुकरच्या भाताला ही चव नाही." कौस्तुभ पायाशी पाट घेऊन पाढे म्हणत बसलेला. मध्येच ती गॅस बंद करायची, पातेल्यावर झाकण ठेवायची, आणि तशीच जरा वेळ उभी राहून विचारायची, "तुला येतोय का रे आवाज?" "कसला?" "बारीक. शिट्टीसारखा." तो पाढा थांबवून नीट ऐकायचा. बाबांची शिकवण होती की माणसाने खरं तेच बोलावं. "नाही, आई." "बरं. जेव मग." तिला वाटत असेल की शेजारचा कुकर झाला, किंवा नळाला पाणी आलं. त्याला तेव्हा असंच वाटलं होतं, आणि आता हिमायतनगरच्या स्वयंपाकघरात हे सगळं आठवलं तेव्हाही त्याने त्यावरून नुसता हात फिरवल्यासारखं केलं आणि पुढे गेला, कारण तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं होतं की शिट्टी नाहीये. पातेल्याची गुरगुर होती आणि तिच्याखाली ती नव्हती. असली तरी ऐकू येत नव्हती. त्याचे खांदे आपोआप खाली आले. आपण इतके महिने खांदे कानापर्यंत ओढून जगत होतो हे त्याला तेव्हा कळलं. भात झाला, त्याने मेतकूट-तूप घालून ताटलीत घेतला, आणि चमचा तोंडात जाईपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जेवण होईपर्यंत शिट्टी फार नव्हती. झोपेतून उठलेल्या माणसासारखी ती हळूहळू परत आली.

माणूस शहाणा असला की चूकही शहाण्यासारखी करतो. कौस्तुभने निष्कर्ष काढला की भात मानवला. केतकीलाही ते पटलं. नाहीतरी मऊ, अळणी, पचायला हलकं, डॉक्टरांच्या म्हणण्यात बसणारं. तिने सगळ्यांना फोन करून सांगितलं, पुण्याहून मेतकूट मागवलं. भात पातेल्यातच हवा असा त्याचा हट्ट होता, तिथंही तिने हरकत घेतली नाही. पण कधी तो ऑफिसातून उशिरा यायचा आणि केतकीने त्याचा भात आधीच करून ठेवलेला असायचा. तो खाल्ला की शिट्टीवर काहीच परिणाम व्हायचा नाही. मग दोघं बसून कारणं शोधायची. तूप विकतचं होतं का? तांदूळ सोना मसुरी होता म्हणून का? आंबेमोहोर मागवला गेला. हिंग बदलला. आणि रविवारी तो स्वतः पातेल्यापुढे उभा राहिला की पुन्हा सगळं ठीक. "तुझ्या हाताला चव आहे," केतकी म्हणाली. ती थट्टेने म्हणाली, पण त्याला ते खरं वाटलं. त्याला त्या पातेल्याची ओढ लागली. दुपारी मागच्या खोलीत काम करताना तो संध्याकाळची वाट बघायचा. मागची खोली आईची होती. ती गेल्यावर त्याने तिथं टेबल मांडलं, कारण घरातली तेवढीच एक खोली रस्त्यापासून लांब होती. शिट्टी तिथं सगळ्यात मोठी असायची. कधी कधी तर त्याला वाटायचं की ती त्याच्या कानात नाहीच, त्या खोलीत आहे. त्याच्या आधीपासून आहे, आणि तो तिथं येऊन बसला म्हणून त्याला लागली. असं काही मनात आलं की तो उठून स्वयंपाकघरात जायचा आणि नळ थोडासा सोडून उभा राहायचा. आई पण नळ नीट बंद करायची नाही. केतकी वैतागायची, "आई, पाणी वाया जातं हो," आणि तो आईला वयाचा दाखला देऊन समजावायचा. हेही त्याला नळाशी उभं असताना आठवायचं, आणि तेही नुसतं आठवून जायचं.

एका संध्याकाळी तो घरी आला तर ओट्यावर विजेचा कुकर होता. पांढरा, गोल, काचेच्या झाकणाचा. केतकीने तो माळ्यावरून काढून पुसून ठेवला होता. "रोज तासभर त्या पातेल्यापुढे उभा असतोस," ती म्हणाली, "कॉल बुडवतोस, पाय दुखतात म्हणतोस. आईंचा हा कुकर नुसता पडला होता. तांदूळ-पाणी घालायचं, बटण दाबायचं. मऊ भाताचं वेगळं बटण आहे बघ." तिच्या बोलण्यात इतकं साधं प्रेम होतं की तो "वा" म्हणाला. मग तिचा फोन वाजला आणि ती बाल्कनीत गेली. त्याने तांदूळ धुतले. आतलं भांडं उचललं तेव्हा ते चकाकत होतं. एक ओरखडा नव्हता त्याच्या बुडाला. आई तर चार वर्षं हा कुकर वापरत होती. निदान तो आणि केतकी घरी असताना तरी वापरत होती. बाकीच्या दिवशी काय करत होती, हे जाड बुडाचं पातेलं खालून इतकं काळं का होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला. तो सवयीने उभा राहिला आणि वाट बघू लागला. कुकर गरम होत होता, आत भात शिजत असणार, पण काही ऐकू येत नव्हतं. उत्तम यंत्र होतं. त्याच्या पोटात काय चाललंय त्याचा पत्ता बाहेर लागत नव्हता. आणि त्या पांढऱ्या, गुळगुळीत शांततेत शिट्टी उभी राहिली, भोवती काहीही नसलेली, पूर्वी कधी नव्हती एवढी स्पष्ट.

बाबा गेल्यावर आई हैदराबादला आली तेव्हा हा कुकर त्याने तिच्यासाठी आणला होता. खोकं तिच्या मांडीवर ठेवून तो म्हणाला होता, "आई, आयुष्यभर त्या पातेल्यापुढे उभी राहिलीस. आता नाही राहायचं." आईने खोकं फिरवून फिरवून पाहिलं होतं. "छान आहे रे," ती म्हणाली होती. "ह्याचा आवाज नाही का येत?" "अजिबात नाही. तीच तर गंमत आहे." "वा," ती म्हणाली होती. आत्ता त्याने म्हटलं तसंच. त्याच दिवशी त्याने तिला मागची खोली दाखवली होती. आदल्या रात्री पुढच्या खोलीत केतकीने तिची गादी घातली होती, रस्त्याच्या बाजूला, बसगाड्यांच्या आणि हॉर्नच्या आवाजात, आणि ती तिथं रात्रभर शांत झोपली होती. पण त्याला ते बरं वाटलं नाही. त्याने सामान स्वतः हलवलं, खिडकीला जाड पडदा लावला, दार लावून घेऊन तिला मध्ये उभं केलं. "बघ. रस्त्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही." आणि आई त्या खोलीच्या मधोमध उभी राहिली होती, मान जराशी तिरपी. "खरंच की," ती म्हणाली होती. "दुसरं काहीच ऐकू येत नाही." चार वर्षं ती त्या खोलीत झोपली. चार वर्षं हिवाळ्यातही पंखा लावायची, आणि ते म्हणायचे, आईला उकाडा फार. कुसुमताईंच्या घरी जाऊन न कळणाऱ्या भाषेतल्या बायकांची भांडणं मोठ्या आवाजात ऐकत बसायची, आणि ते म्हणायचे, आईला करमत नाही. कुकरच्या भाताला ही चव नाही. चवीचा प्रश्नच नव्हता. पुण्यात पाट घेऊन तो तिच्या पायाशी बसलेला असताना ती भात शिजवत नव्हती, ती थोडा वेळ विसावा घेत होती. आणि गॅस बंद केल्यावर आवाज परत आला की तिने तिच्या जगातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला विचारून पाहिलं होतं, तुला येतोय का रे आवाज. वर्षानुवर्षं विचारलं होतं. डॉक्टरने विचारलं, माँ को था? आणि त्याने एका क्षणात सांगितलं, किसी को नहीं.

त्याला आईची आठवण आली असं म्हणणं खरं नाही. आठवण लांबून येते. ती त्याच्या डोक्यात होती, ती जे ऐकत होती तेच तो ऐकत होता, तोच स्वर, तीच खोली, तोच ओटा, आणि ती मेल्यावर हे ऐकायला दुसरं कुणी उरलं नव्हतं म्हणून जणू ते त्याच्याकडे आलं होतं. त्याला फार भीती वाटली आणि त्या भीतीतच तिच्याविषयी इतकी माया दाटली की दोन्ही वेगळं काढता येईना. त्याने कुकरचं बटण बंद केलं. झाकण काढून अर्धाकच्चा भात पाण्यासकट पातेल्यात ओतला. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. गॅस लावला, बारीक केला. पातेलं जरा वेळ गप्प राहिलं आणि मग बोलायला लागलं. तो तिथं उभा राहून ऐकू लागला, आणि आता त्याला माहीत होतं की तो कशासाठी उभा आहे.

ऋचा पाणी प्यायला आली तेव्हा त्याने गॅस बंद केला होता आणि पातेल्यावर झाकण ठेवून तो तसाच उभा होता. तिने बाटली काढली, ओट्यावर सांडलेलं पाणी पाहिलं, रिकामा कुकर पाहिला, त्याच्याकडे पाहिलं. एक इअरफोन काढला. "काय झालं, बाबा?" "काही नाही." बाल्कनीतून केतकीचा बोलण्याचा आवाज येत होता. पातेल्यातली शेवटची गुरगुर विरत गेली आणि शिट्टी वर आली, ठरल्याप्रमाणे. विचारायचं नाही असं त्याने ठरवलं असतं तर कदाचित विचारलं नसतं. पण त्याने ठरवलं नव्हतं, आणि प्रश्न त्याच्या तोंडून बाहेर पडला तेव्हा त्यातला स्वरसुद्धा त्याचा नव्हता. "ऋचा, तुला येतोय का गं आवाज? बारीक. शिट्टीसारखा."

ऋचाने बाटलीचं झाकण लावलं. "हो," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. तेरा वर्षांच्या मुलीला तो आवाज ऐकू येत असेल तर आईकडून त्याच्याकडे आलेलं ते तिच्याकडेही गेलं असणार. "कधीपासून?" त्याने विचारलं. "ऋचा, खरं सांग. कधीपासून येतोय?"

"अरे, तसं नाही. मला येत नाही," ती म्हणाली. तो असा का घाबरला ते तिला कळेना. "आजी विचारायची ना, सेम असंच. तू आणि मम्मा ऑफिसला गेल्यावर ती याच पातेल्यात राइस करायची, मग गॅस बंद करून विचारायची, तुला येतोय का गं आवाज. मी आधी नो म्हणायचे. तर ती जेवायचीच नाही नीट. नुसती बसायची. मग एकदा मी असंच हो म्हटलं. तर ती एकदम हसली, माझा हात धरला, आणि सगळा भात खाल्ला. मग मी रोज हो म्हणायचे." तिने खांदे उडवले. "ती विचारायची, कसा येतोय? मी म्हणायचे, बारीक. ती म्हणायची, हां, बारीकच आहे."

ऋचाने दुसरा इअरफोनही काढला, दोन ताटल्या घेतल्या, झाकण उचलून भात वाढला. मेतकूट जरा जास्तच घातलं, तूप घातलं. ती हा भात कधी खात नसे. ती ओट्याला टेकून त्याच्या शेजारी उभी राहिली, आणि त्याचा चमचा अजून तसाच आहे हे बघून तिने मान तिरपी केली, जरा वेळ नीट ऐकल्यासारखं केलं.

"येतोय, बाबा," ती म्हणाली. "बारीक आहे. जेव आता."

आणि तो जेवला.